लांजी: दोनशे ऐंशी चिंचोके

आमच्या वाहन शाखेच्या बडेबाबूंना गाडी लागायची.

हे सांगितलं की ऐकणारा हमखास विचारतो, लागायची म्हणजे? अहो, लागायची म्हणजे लागायची! डिझेलचा वास नाकात गेला की माणूस पिवळा पडायचा, रुमाल तोंडाला लावायचा आणि पहिल्याच वळणावर "रोक रे बाप्पा, रोक" करत उतरून रस्त्याच्या कडेला उकिडवा बसायचा. बालाघाटच्या, म्हणजे मध्य प्रदेशातल्या, आमच्या सरकारी ऑफिसात अकरा गाड्या. त्या अकराही गाड्यांचे कागद, टायर, दुरुस्त्या, दौरे, सगळं या एका हेडक्लार्कच्या हाताखाली, आणि तेही तीस वर्षं. स्वतः मात्र सायकलवर. लांजीला कसली बैठक असली आणि त्यांना जाणं भागच असलं, तर साहेब सकाळी जीपनं निघायचे आणि बडेबाबू आदल्या दिवशी सायकलनं. साहेब पोचायचे तेव्हा हे तिथं आंघोळ करून, भांग पाडून, फाइल काखेत मारून उभे असायचे.

मी त्या अकरातल्या एका गाडीचा ड्रायव्हर. रोजंदारीवरचा. गाव कटंगीकडचं, म्हणून त्यांनी मला पहिल्या दिवशी "कटंगीवाले" म्हटलं ते कायमचंच. माझं नाव त्यांना माहीत होतं, हजेरीपटावर तेच तर लिहायचे, पण तोंडातून कधी निघालं नाही. मी तोंडाचा फटकळ. एकदा म्हटलं, "बडेबाबू, मले आईबापानं नाव ठेवलं आहे जी." ते म्हणाले, "ठेवलं असन. पन नाव घेतलं तं मानूस दिसते, गाव घेतलं तं रस्ता दिसते. मले रस्त्याशी काम."

आणि खरंच, रस्त्याशीच काम होतं त्यांना. त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकाला ट्यूबचा एक तुकडा बांधलेला असायचा. चाकाची एक फेरी झाली की तो चिमट्यावर आपटायचा, फट्. ती फट्-फट् ते मोजायचे. शंभर झाले की उजव्या खिशातला एक चिंचोका डाव्या खिशात. मुक्कामाला पोचल्यावर डावा खिसा पालथा करायचा आणि चिंचोके मोजायचे. लांजी दोनशे ऐंशी चिंचोके. हे त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं होतं की आम्हा ड्रायव्हरांना मैलाचे दगड दिसेनासे झाले. "किरनापूर किती राह्यलं?" असं विचारलं की आमचा एखादा गडी सरळ म्हणायचा, "असन तीसेक चिंचोके."

रस्त्यानं त्यांना कुणी नमस्कार केला तर ते नुसता हात वर करायचे, ओठ मात्र हलत असायचे. गावातले दुकानदार मोठे वस्ताद. बडेबाबू समोरून जाताना दिसले की एखादा मुद्दाम ओरडायचा, "अडतीस! बडेबाबू, अडतीस!" झालं! आकडा चुकला. मग हा माणूस चिडायचा नाही, शिवी द्यायचा नाही, सायकल वळवून ते शंभर जिथून मोजायला घेतले होते तिथपर्यंत मागं जायचा आणि पुन्हा निघायचा. दुकानदार पोट धरून हसायचे. एकदा तर एका किराणावाल्यानं त्यांना तीन वेळा परत पाठवलं आणि चौथ्या खेपेला स्वतःच लाजून पाण्याचा तांब्या घेऊन रस्त्यात उभा राहिला.

आम्हाला वाटायचं, छंद आहे. कुणाला कबुतरं असतात, कुणाला पत्ते, यांना चिंचोके.

गाडीत बसवत नसलं तरी गाड्यांवर त्यांचा जीव होता. आपल्या खोलीत खुर्चीवर बसून, समोर फाइल उघडी ठेवून, ते फाटकातून आत येणारी गाडी आवाजावरून ओळखायचे. नुसती गाडीच नाही, तिचं दुखणंही. "पांढरी बोलेरो आली. क्लच गेला तिचा." बाहेर जाऊन पाहावं तर ड्रायव्हर घाम पुसत उभा, "बडेबाबू, क्लच धरून नाई राह्यला." नाकाला रुमाल लावून ते बॉनेटवर कान टेकवायचे, डॉक्टरनं छाती तपासावी तसे, आणि हळूच म्हणायचे, "हौ माय, हौ. पाह्यतो."

दसऱ्याला आमच्या अंगणात अकराही गाड्या धुऊन रांगेत लागायच्या. हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. पूजा साहेबांच्या हातची, पण त्या आधी बडेबाबू एकटेच रांगेतून फिरायचे आणि प्रत्येक गाडीच्या आरशाशी वाकून काहीतरी पुटपुटायचे. मी एकदा कान दिला. जुन्या जीपला सांगत होते, "तुह्या डाव्या बाजूनं आवाज येऊन राह्यला. अंगावर काढू नोको." मी हसलो तर माझ्याकडे वळून म्हणाले, "हसू नोको. गाडी खरं बोलते. खोटं बोलते तो कागद."

ही कागदाची भानगड सांगितल्याशिवाय बडेबाबू कळायचे नाहीत, म्हणून सांगतो. सरकारी गाडीचं एक लॉगबुक असतं. कुठून निघाली, कुठं गेली, किती किलोमीटर, काय कामासाठी, खाली ड्रायव्हरची सही, बडेबाबूंची सही आणि साहेबांची सही. आता समजा लांजीचा दौरा. कागदावर येणं-जाणं एकशेवीस-पंचवीस. पण सरकारी गाडी सरळ कधी जाते काय? वाटेत पाहुणा घ्यायचा असतो, तांदळाचं पोतं टाकायचं असतं, बाजाराचा दिवस असला तर भाजी, मंदिर आलं तर दर्शन, एखादी बाळंतीण हात करून उभी राहिली तर तिला दवाखान्यात सोडायचं. ते सोडायलाच पाहिजे, त्यात गैर काय आहे? पण हे काही लॉगबुकात लिहिता येत नाही. मग गाडी फिरते एकशेसाठ आणि आम्ही लिहितो एकशेचोवीस. वर गेलेलं डिझेल कुठं दाखवायचं? तर पुढच्या आठवड्यात असा एक दौरा लिहायचा जो झालाच नाही. आधीच्या ड्रायव्हरनं मला पहिल्या आठवड्यात हेच शिकवलं, गिअर नंतर शिकवले. सगळे असंच करत आले होते. सगळ्यांना माहीत होतं. खाली सही बडेबाबूंची.

संध्याकाळी चहाला ते आम्हा ड्रायव्हरांत येऊन बसायचे आणि विचारायचे, "आज कुठं कुठं थांबलते?" आम्ही मोकळेपणानं सांगायचो. साहेबांच्या बायकोचं माहेर, पटवाऱ्याची म्हणजे तलाठ्याची म्हातारी आई, भेंडीचा भाव, सगळं. ते कधी रागावले नाहीत. कान टवकारून ऐकायचे, मध्येच "मंदिराच्या आदी का नंतर?" असं विचारायचे. आम्ही म्हणायचो, म्हातारपणी गप्पांचा नाद लागला. घरी जाऊन हा माणूस ते सगळं एका शाळेच्या वहीत उतरवून ठेवतो, हे आमच्या स्वप्नातही नव्हतं.

मग वरून पत्र आलं. सरकारी गाड्या आता बिजलीच्या करायच्या आहेत, तुमच्या गाड्या बदलायला काय खर्च येईल ते कळवा. पत्रामागोमाग एका कंपनीचा माणूस आला. लॅपटॉप, चकचकीत बूट, बोलणं साखरेसारखं. त्यानं आमची सगळी लॉगबुकं मागवली, दोन दिवस साहेबांच्या बाजूच्या खोलीत बसला आणि तिसऱ्या दिवशी रंगीत चित्रांचा कागद घेऊन बाहेर आला. त्याचा हिशेब सरळ होता. लॉगबुकाप्रमाणं एका दौऱ्यात आमची गाडी फिरतेच किती? एकदा चार्ज केली की बिजलीची गाडी आरामात लांजी जाऊन येते. अकराचं काम सात गाड्यांत होतं. गाड्या कंपनी देईल, भाड्यानं. आणि ड्रायव्हर? ड्रायव्हरही कंपनीच देईल, ते भाड्यातच आलं.

म्हणजे कायमवाल्यांना कुठंतरी सामावून घेतील, आम्ही पाच रोजंदारीवाले गेलो. इतकं सोपं. माझ्या घरी आई, बायको, दोन पोरी, मोठी बारावीला. मी त्या रात्री जेवलो नाही. सकाळी तडक बडेबाबूंच्या खोलीत गेलो, कारण वर पाठवायची खर्चाची टीप शेवटी वाहन शाखेनंच लिहायची होती.

"बडेबाबू, काहीतरी करा जी. थोडं इकडचं तिकडं लिहा. बिजलीच्या गाड्या चांगल्या नाई म्हना."

"चांगल्या नाई, हे तुले कसं ठाऊक?"

"मले नाई ठाऊक. पन तुमी लिहा."

त्यांनी चष्मा काढला. "कटंगीवाले, इकडचं तिकडंच तं तीस वर्षं लिहून राह्यलो. तेच लिहिलं म्हनून तं तो लॅपटॉपवाला म्हनते, सात गाड्यांत भागते. पाह्य, डिझेल ऐकते आपलं. कमी लिहा, जास्त लिहा, ते काई म्हनत नाई. बॅटरी ऐकन काय?"

मला काही कळलं नाही. मला वाटलं, म्हातारा आपल्याच नादात आहे, आपली चूल विझली. पण ते उठले, साहेबांकडे गेले आणि हट्ट धरून बसले, टीप लिहीन पण आधी एक फेरी पाहीन. कंपनीची गाडी आणा. रिकामी नाही, साहेबांसकट. लांजीला शिबिर आहे त्याच दिवशी. नेहमी जसं जातो तसंच जायचं, काही कमी करायचं नाही, काही वाढवायचं नाही. ड्रायव्हर कटंगीवाला. आणि मी पण येईन.

"आप? गाडी में?" साहेब उडालेच. साहेब रीवाकडचे, येऊन सात महिने झाले होते, पण बडेबाबूंची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मे महिना. गाडी आली, पांढरीशुभ्र. मागं साहेब आणि कंपनीवाला. पुढं माझ्या बाजूला बडेबाबू, नाकावर रुमाल, एका हातात अर्धं लिंबू, दुसऱ्या हातात प्लास्टिकची पिशवी उघडून धरलेली. मी बटण दाबलं. काहीच आवाज नाही. बडेबाबू म्हणाले, "सुरू कर ना." मी म्हटलं, "निघालो जी, फाटकाबाहेर आलो."

गाव सुटलं. पहिलं वळण आलं. मी गाडी हळू केली, त्यांच्यासाठी. ते पिशवीवर वाकले, वाट पाहिली, काही झालं नाही. दुसरं वळण. काही नाही. तिसऱ्या वळणाला त्यांनी रुमाल एक बोट खाली केला आणि वास घेतला, एकदा, दोनदा. मग रुमाल घडी करून खिशात ठेवला. लिंबू खिडकीतून टाकून दिलं. मी चोरून पाहत होतो. त्या माणसाचा चेहरा असा होत गेला की मी शब्दांत सांगू शकत नाही, लहान पोराला जत्रेत पाळण्यात बसवल्यावर होतो तसा. आणि एकदम ओरडले, "कटंगीवाले! इथं तळं आहे!"

"आहे जी. पहिल्यापासून आहे."

"कमळं आहेत त्यात!"

"आहेत ना."

मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "इथून मी किती खेपा गेलो असन. निसता आकडाच मोजला बाप्पा. पाह्यलंच नाई." पण ते कुठले थांबतात! पुढं मोर दिसला, तो दाखवला. पळसाखाली बकऱ्या दिसल्या, त्या दाखवल्या. साहेबांनाही दाखवल्या. साहेब मागून "हाँ हाँ, बढिया" म्हणून फोनकडे बघत होते.

आता नेहमीसारखंच जायचं ठरलं होतं, तसं नेहमीसारखंच झालं. किरनापूरला पटवाऱ्याची म्हातारी चढली, तिला आतल्या गावात सोडलं. त्याच्या पुढं साहेबांची मेहुणी मास्तरीण होती, रस्ता सोडून आत, तिच्याकडे चहा आणि चिन्नोर तांदळाचं पोतं. लांजीला शिबिर लांबलं. साहेब आत, आणि मी बाहेर गाडीत एसी लावून बसलो. साहेब येऊन बसतील तेव्हा सीट गार पाहिजे, ही आमच्या धंद्यातली रीत. डिझेलच्या गाडीत मी तासन्‌तास इंजिन चालू ठेवलेलं आहे, कुणी कधी विचारलं नाही. त्या दिवशीही दीड तास ठेवलं. माझ्या डोक्यातच आलं नाही की इथं टाकीच वेगळी आहे. मग मंदिर. मग परतीला पुन्हा मेहुणीकडे, कारण डबा राहिला होता.

पडद्यावरचा बॅटरीचा आकडा उतरत चालला तसा कंपनीवाला मागून पुढं सरकत आला. किरनापूर यायच्या बरंच आधी गाडीनं हळू चालायला सुरुवात केली, मग एक लाल कासव दाखवलं. मी शपथेवर सांगतो, कासवच होतं. आणि एका राईस मिलच्या फाटकासमोर ती शहाण्या बैलासारखी उभी राहिली.

कंपनीवाला रडकुंडीला आला. "सर, लॉगबुक के हिसाब से तो हो जाना चाहिए था..."

बडेबाबू पुढच्या सीटवर मजेत बसून होते. "लॉगबुकाच्या हिसाबानं झालंच," ते म्हणाले. "गाडीच्या हिसाबानं नाई झालं."

मिलवाला भला माणूस. मिलच्या सॉकेटमधून वायर ओढून दिली आणि म्हणाला, बसा आता, चार तास. गावात बातमी फुटली की साहेबाची गाडी गिरणीत धान खाऊन राह्यली आहे. अर्धं गाव गोळा झालं. साहेबांना खाटेवर बसवलं, मठ्ठा दिला, पंखा लावला. आधी साहेब फणफणले. मग एका बाईनं तिचा अडकलेला अर्ज पुढं केला. मग दुसऱ्यानं. साहेबांनी बुशशर्टची वरची दोन बटणं सोडली आणि त्या खाटेवर ऑफिस सुरू झालं. जे अर्ज वर्षभर टेबलाटेबलावर फिरत होते त्यांच्यावर तिथल्या तिथं शेरे पडले. बडेबाबू एकेकाचं नाव पुकारत होते, गळ्यात मिलवाल्यानं घातलेला गमछा. ऊन उतरलं, गाडीचं पोट भरलं, आम्ही निघालो तेव्हा एक म्हातारा हात जोडून साहेबांना म्हणाला, "साहेब, गाडी दर हप्त्याले इथंच बंद पडन काय?" साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी सात महिन्यांत त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

मला वाटलं, चला, काम झालं. गाडी बंद पडली म्हणजे गाड्या येत नाहीत, आपली रोजी वाचली. चार दिवसांनी बडेबाबूंनी मला बोलावून टीप दाखवली आणि मी ती दोनदा वाचली.

टीप हिंदीत होती, मी मराठीत सांगतो. पहिलंच वाक्य होतं, "या शाखेची तीस वर्षांची लॉगबुकं खरी नाहीत आणि त्यांवर माझी सही आहे." खाली चिंचोक्यांनी मोजलेली, घरच्या एका शाळेच्या वहीतून उतरवलेली खरी अंतरं. कोणत्या दौऱ्याला गाडी खरोखर किती फिरते, कुठं कुठं थांबते, किती वेळ उभ्याउभ्या चालू असते. त्याखाली खर्च. जवळच्या रस्त्यांना बिजलीच्या गाड्या घ्या, त्या उत्तम आहेत, स्वतः बसून पाहिलं. लांजी आणि किरनापूरला चार्जर लावा, त्याचा खर्च कंपनीच्या कागदात नाही, तो धरा. बैहरच्या घाटासाठी डिझेल सध्या ठेवा. आणि ड्रायव्हर जुनेच ठेवून त्यांना शिकवा, कारण गाडी खरी कुठं जाते हे त्यांच्याशिवाय कुणाला माहीत नाही. नव्या ड्रायव्हरची गाडी दर आठवड्याला गिरणीत उभी राहील, त्याचाही खर्च धरा.

सोबत एक वेगळा कागद, त्या दिवशीच्या फेरीचा. सात थांबे. तिसऱ्या ओळीत स्वच्छ अक्षरात "साहेबांच्या मेहुणीचं घर".

"बडेबाबू, हे पहिलं वाक्य काढा," मी म्हटलं. "पाया पडतो. तुमचे तीन महिने राह्यले रिटायर व्हायले. पेन्शन अडकन तुमची! चौकशी लागन!"

"लागन."

"मंग काहून लिहून राह्यले?"

"गाडीचा खर्च काढाचा तं गाडी कुठं जाते ते लिहा लागन का नाई? आन ते आज लिहिलं तं लोक विचारतीन, काल काय लिहिलतं? ते पहिलं वाक्य काढलं तं खालची सगळी टीप खोटी पडते, कटंगीवाले. तुही नोकरी त्या खालच्या टीपेत आहे."

माझ्या घरासाठी या माणसानं आपली पेन्शन टेबलावर ठेवली होती आणि वर मलाच समजावत होता. मला त्यांचा असा राग आला, असा राग आला, आणि त्याच वेळी वाटलं याला उचलून डोक्यावर घेऊन नाचावं.

साहेबांनी बोलावलं तेव्हा मलाही आत घेतलं, गाडी मी चालवली होती म्हणून. कंपनीवाला खुर्चीत बसला होता. बडेबाबू उभे. मी दाराशी. साहेब टीप वाचत होते. एक पान, दुसरं पान, पुन्हा पहिलं पान.

"ये पहला वाक्य आपने सोच-समझकर लिखा है?"

"हौ साहेब."

"तीस साल?"

"हौ. तुमच्या आधी नऊ साहेब झाले. माही सही सगळ्याईत आहे."

कंपनीवाला पुढं वाकून म्हणाला, "सर, ये तो इनका अपना कबूलनामा है. इनकी बात पर भरोसा कैसे करेंगे?" साहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी फेरीचा कागद ओढला आणि सात थांब्यांवरून बोट फिरवत खाली आले. मेहुणीच्या ओळीवर बोट थांबलं. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

झालं, मी म्हटलं. आता ती ओळ खोडणार, मग टीप फाडणार, मग बडेबाबू गेले आणि आम्हीही गेलो.

साहेबांनी ओळ खोडली नाही. सातच्या खाली आठचा आकडा घातला. "एक आप भूल गए," ते म्हणाले. "लौटते में, मंदिर के बाद, मैंने गाडी बाएँ मुडवाई थी. आम लेने. दो किलोमीटर अंदर, दो बाहर. आप उस वक्त खिडकी के बाहर बगुले देख रहे थे." आणि त्यांनी ते लिहिलं, स्वतःच्या हातानं. मग टीपेचं पहिलं पान पुढं ओढलं आणि "माझी सही आहे" या बडेबाबूंच्या शब्दांपुढं लिहिलं, "गेल्या सात महिन्यांच्या नोंदींवर माझीही आहे." खाली नाव, हुद्दा, तारीख. कंपनीवाल्याला म्हणाले, "गाडियाँ लेंगे. जितनी इन्होंने लिखी हैं, उतनी. ड्राइवर हमारे रहेंगे."

मी दाराशी उभा राहून रडलो. खोटं कशाला सांगू, हुंदके देऊन रडलो. पोरीचा चेहरा दिसला, आईचा दिसला, आणि समोर तो वाळका म्हातारा दिसला, जो आता चौकशीला एकटा सामोरा जाणार नव्हता. मला वाटलं, आता तेही डोळे पुसतील, साहेबांना हात जोडतील, निदान "साहेब" म्हणून एक शब्द तरी बोलतील.

बडेबाबू त्या कागदाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत चालला होता.

"म्हनजे माही बेरीज चुकली?" ते म्हणाले.

"बडे बाबू, चार किलोमीटर की बात है..."

"चार किलोमीटर म्हनजे काई कमी झाले काय साहेब? सगळा खर्च बदलला ना! द्या इकडं."

त्यांनी साहेबांच्या हातातून कागद घेतला. खुर्ची ओढली, कुणाला न विचारता साहेबांसमोर बसले, आणि बोटांची पेरं मोजत सगळी बेरीज पहिल्यापासून करायला घेतली. साहेब उघडं पेन हातात धरून थांबून राहिले.